पोषणशास्त्र शिकायचंय, आणि त्यात मरणाचा पेपर आहे

प्रश्न कागल तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. डॉक्टरकीची तयारी तिनं स्वतःहून सोडली आणि आता तिला पोषणशास्त्र शिकायचंय. न्यूयॉर्कला असलेल्या तिच्या आतेभावानं तिथल्या एका कॉलेजची माहिती पाठवली. त्यात आरोग्य, आहार आणि 'डेथ स्टडीज' एकाच विभागात दिसतंय आणि पोरगी नेमकी त्यावरच भाळलीय. आजीचं म्हणणं असं, "मसणाचं शिक्षान घ्यायला न्यूयॉर्कला कशाला, पंचगंगेवर पाठवा की." वडिलांनी विचारलंय की असं शिक्षण खरंच असतं का, त्यावर पोट भरतं का आणि मुलीला ते घेऊ द्यावं का.

मी २४ वर्षं कोल्हापुरात आहारतज्ज्ञ आहे. वॉर्डात मला 'डाएटवाल्या मॅडम' म्हणतात. ज्यांना माझा राग येतो ते 'मटण बंद करणारी बाई' म्हणतात. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. असतं. आतेभावानं बहुतेक ब्रुकलिन कॉलेजची माहिती पाठवली असणार. तिथं 'हेल्थ अँड न्यूट्रिशन सायन्सेस' असा एकच विभाग आहे आणि त्यात थॅनॅटॉलॉजीचे, म्हणजे मरण आणि शोक यांच्या अभ्यासाचे, विषय शिकवत आले आहेत. थॅनॅटॉस हा ग्रीकांचा मृत्युदेव, आपल्या यमासारखा. इंग्लंडात बाथ विद्यापीठात मरण आणि समाज यांवर २००५ पासून एक स्वतंत्र केंद्रच आहे. तेव्हा पोरीला कोणी फसवत नाहीये.

आता पोषणशास्त्र म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. निम्म्या मुली इथंच फसतात. त्यांना वाटतं रेसिपी, सॅलड, वजन कमी करायचे तक्ते. पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्र समोर येतं, क्रेब्ज सायकल येते, आणि डोळ्यांत पाणी येतं. मग शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नरसायन, संख्याशास्त्र, समाजातलं पोषण आणि शेवटी आजारातला आहार. किडनीच्या पेशंटची पालेभाजी चिरून, उकळून, पाणी फेकून का द्यायची, तर पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणून. पण वरणातलं, नारळपाण्यातलं पोटॅशियम कुठं जाणार? असली हिशेबाची कामं रोजची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्यानं काढले. त्यात ५२८ पदार्थांचं पृथक्करण आहे. ते पुस्तक तिच्या उशाशी असेल. केमिस्ट्री आवडत नसेल तर इथंच थांबा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

कोल्हापुरात हे काम करायचं म्हणजे आणखी एक शास्त्र लागतं, ते कुठल्या विद्यापीठात नाही. इथं मधुमेहाचा पेशंट छातीठोक सांगतो, "मॅडम, साखर बंद. फक्त गूळ." आपल्या जिल्ह्याचा गूळ, त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? तोही मुख्यतः सुक्रोजच, साखरेचाच भाऊबंद. रक्तातली साखर जात बघत नाही. तालमीतून बाहेर पडून तीस वर्षं झालेले पैलवान येतात. जोर-बैठका कधीच सुटलेल्या, खुराक मात्र चालू. बदाम, तूप आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध. त्यांना 'दूध कमी करा' म्हटलं की ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. तांबडा-पांढरा मी कुणाचा बंद करत नाही, वाट्या मोजते. नवीन मुली पहिल्याच भेटीत सगळं बंद करतात, आणि दुसऱ्या भेटीला पेशंट येतच नाही.

हे सगळं जगवण्याचं शिक्षण झालं. मरणाचा पेपर त्यात कशाला, हा तुमच्या आईंचा खरा प्रश्न आहे. माझ्या अभ्यासक्रमात तो नव्हता. नसल्यानं काय झालं ते सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. पन्हाळ्याच्या बाजूचे एक गृहस्थ दाखल झाले. गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून हयात गेलेली. काहिलीकडं नुसतं बघून पाक कुठवर आलाय ते सांगणारा माणूस. अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. डॉक्टरांनी घरच्यांना 'जास्त दिवस नाहीत' म्हणून सांगितलं होतं. नाकातून नळी घातली आणि मला फीड ठरवायला बोलावलं. मी हिशेब मांडला: १८०० कॅलरी, ७० ग्रॅम प्रथिनं, दर दोन तासांनी २०० मिली, दिवसातून ९ वेळा. कागदाला चार रंगांत रेघा मारल्या होत्या, आठवण आली की आजही लाज वाटते. त्यांची बायको रोज विचारायची, "ताई, घोटभर च्या देऊ का? गुळाचा. लई मागत्यात." मी रोज नाही म्हणायची. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होईल, हे पुस्तकात होतं आणि ते खोटं नव्हतं. चौथ्या दिवशी पोट फुगलं, जुलाब लागले. मी फीड पातळ केलं, पण कॅलरी कमी केल्या नाहीत. नवव्या दिवशी ते गेले.

सामान आवरताना त्या बाईंनी माझा कागद परत दिला. म्हणाल्या, "तुमच्या कागदावर समदं हुतं, ताई. च्या तेवढा न्हवता."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मला जे माहीत नव्हतं ते आता सांगते, कारण तुमच्या लेकीला त्या पेपरात हेच शिकायला मिळेल. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की माणूस जेवेना म्हणून खंगत चाललाय. शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा ते उलटं असतं. शरीर मिटत चाललेलं असतं, म्हणून जेवण नकोसं होतं. पसरलेल्या कॅन्सरमध्ये शरीरात जी दाहाची प्रक्रिया चालू असते ती भूक मारते आणि स्नायू वितळवते. कॅलरी ओतल्या तरी ते स्नायू परत येत नाहीत. आतड्यांची हालचाल मंदावते, गिळण्याची ताकद जाते. मग घातलेलं अन्न पोटात साचतं आणि उलटून छातीत जातं. सलाईनचंही तेच. किडनी मागं पडलेली, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेलं, अशा माणसाला बाटलीमागून बाटली लावली की ते पाणी पायांत आणि फुप्फुसांत उतरतं. घरघर वाढते. नातेवाइकांना ती घरघर ऐकवत नाही आणि ते म्हणतात, अजून एक बाटली लावा.

भुकेचं काय? इथं मला मिनेसोटा विद्यापीठ आठवतं. तिथं १९४४–४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं जेवायला घालायचं, हे कळावं म्हणून. त्या पोरांचं सुमारे पाव वजन उतरलं. आणि त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटली चाटायचे, स्वप्नं पडायची तीही जेवणाची. उपासमार ही अशी असते. माझ्या वॉर्डातला शेवटच्या आठवड्यातला माणूस मात्र भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो आणि चमचा पुढं केला की ओठ मिटतो. त्याला उपासमार म्हणणं चूक आहे. गुळव्यांना भूक नव्हती. त्यांना चहा हवा होता, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पदवी घेऊनही कळलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे मरणाचा अभ्यासक्रमही त्याच मिनेसोटात लवकर सुरू झाला. रॉबर्ट फुल्टन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये तो शिकवायला घेतला. पण उपासमारीचं संशोधन आमच्या पुस्तकात आलं आणि मरणाचं आलं नाही.

आज तसा पेशंट असला तर काय करते? तोंड कोरडं पडू देत नाही. ओल्या गॉजनं ओठ, जीभ पुसायला घरच्यांना शिकवते, कारण तहानेचा त्रास बऱ्याच अंशी कोरड्या तोंडाचा असतो. माणूस शुद्धीत असेल, गिळायचा थोडाफार प्रयत्न करत असेल, आणि धोका समजावून सांगितल्यावर त्याची व घरच्यांची तयारी असेल, तर डॉक्टरांशी बोलून बसतं करून चमचाभर देते. चहा, पन्हं, रश्श्याचं वरचं पाणी, जे मागेल ते. तेही झेपत नसेल तर कापसाचा बोळा चहात बुडवून जिभेवर. त्यातून कॅलरी शून्य मिळतात. आपल्याकडं तुळशीचं पान आणि गंगाजल तोंडात घालतात, तेव्हा तरी कुठं कोण कॅलरी मोजतं?

पण इथं एक लगाम लावते, आणि तो तुमच्या लेकीनं माझ्या गोष्टीपेक्षा जास्त लक्षात ठेवावा. जेवत नसलेला प्रत्येक माणूस मरणाच्या वाटेवर नसतो. बहुतेक नसतातच. टीबीचा हाडांचा सापळा झालेला पोरगा, ऑपरेशननंतर आठ दिवस तोंड न उघडलेली म्हातारी, भाजलेली बाई, यांना अन्न हेच औषध असतं. झारखंडात टीबीच्या पेशंटांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन एक मोठी चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निष्कर्ष आला: घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. घरच्यांचा हा जादा शिधा म्हणजे तांदूळ आणि डाळ. असल्या पेशंटला 'आता राहू दे, त्रास नको' म्हणून सोडून देणं हा गुन्हा आहे. आणि घाईघाईनं भरवणं हाही. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट दिलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. तेव्हा कुणाला भरवायचं, कुणाला हळूहळू भरवायचं आणि कुणाचा फक्त ओठ ओला करायचा, ही निवड रोज करावी लागते. ती आहारतज्ज्ञ एकटी करत नाही, डॉक्टर, नर्स, घरचे सगळे असतात. पण टेबलावर तिचं मत मागतात, आणि तेव्हा रेघांचा कागद उपयोगी पडत नाही.

त्या पेपरात बाकी काय असतं ते थोडक्यात. सिसिली सॉन्डर्स यांचं काम असतं. या बाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची काळजी घेणारं ठिकाण, काढलं. वेदना फक्त शरीराची नसते, पैशाची, नात्यांची, देवाधर्माचीही असते, हे त्यांनी मांडलं. आपल्याकडं मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं वेदना कमी करण्याचं काम तर घराघरांत पोचलं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या पाच पायऱ्या असतात: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. त्या तिनं शिकाव्यात आणि थोड्या विसराव्यात. मरणाच्या दारातल्या पेशंटांशी बोलून क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या होत्या. आता लोक मागं राहिलेल्यांना त्या लावतात, तेही शाळेच्या इयत्तांसारख्या. मी एका दुपारी एकाच बाईला तीन पायऱ्या चढून दोन उतरताना पाहिलंय.

कायदाही असतो. सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला म्हटलं आणि शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सुटसुटीत केली. त्याआधी २०११ मध्ये, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांचा खटला गाजला. केईएमच्या परिचारिकांनी ४२ वर्षं त्यांना सांभाळलं, भरवलं. नळीतून दिलेलं अन्न हे जेवण की उपचार, हा वाद न्यायालयात गेला तो याच वाटेनं. वाटतं तेवढं सोपं उत्तर त्याला नाही. माझंही मत दर दोन-तीन वर्षांनी थोडं सरकतं.

आणि आपल्या मुलखात तर हा विषय परका नाहीच. शिरोळ, हातकणंगलेकडं जैन समाजाची घरं किती! सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, काय असते, हे तिथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. जवळच्याच भोजच्या आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला, म्हणजे सल्लेखनेलाच, आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध थांबवलं. माझ्याकडं एकदा सल्लेखना घेतलेल्या आजींचा नातू आला होता, 'काही तरी द्या' म्हणत. मी काहीच दिलं नाही, तासभर त्याच्याजवळ बसले. त्या तासाची तयारी कुठल्याही आहारतक्त्यात नाही.

आता पोटापाण्याचं. पदवी इथंच करू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बारावीनंतर लगेच न्यूयॉर्क हा खर्चिक हट्ट आहे. इथल्या आजारांचा, इथल्या स्वयंपाकाचा अभ्यास इथंच होतो. मुंबई-पुण्याला एसएनडीटी आहे, मुंबईत निर्मला निकेतन आहे, थोडं लांब जायचं असेल तर बडोदा. शिवाजी विद्यापीठात फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे, पण ते वेगळं. त्यात अन्नप्रक्रिया, कारखाना, टिकवण हे येतं. वॉर्डात काम करायचं असेल तर ते नको. नावात 'फूड' दिसलं म्हणून प्रवेश घेऊन नंतर माझ्यासमोर रडलेल्या दोघी मला माहीत आहेत. पुढं एम.एस्सी. किंवा डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञांना संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या यादीत घेतलंय. तीन आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणाऱ्यांचे दिवस त्यामुळं हळूहळू भरतील, अशी आशा आहे.

पगार सुरुवातीला कमीच. माझा पहिला पगार ऐकून माझ्या वडिलांनी 'महिन्याचा की आठवड्याचा?' असं विचारलं होतं. दोन-तीन वर्षं धीर धरावा लागतो. मग रुग्णालय, डायलिसिस सेंटर, स्वतःचं क्लिनिक, शासनाचे पोषणाचे प्रकल्प, खेळाडूंचा आहार, अशी कामं मिळतात. नुसत्या 'डेथ स्टडीज'वर इथं नोकरी मिळत नाही, हेही खरं. ते जोडशिक्षण आहे. आहारतज्ज्ञ म्हणून पाय रोवल्यावर परिहारसेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या सेवेचं, प्रशिक्षण घेता येतं. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया असं प्रशिक्षण देते. कॅन्सरची रुग्णालयं आणि घरी जाऊन सेवा देणारी पथकं वाढतायत, तिथं या दोन्हींची जाण असलेली माणसं शोधून सापडत नाहीत. न्यूयॉर्क एम.एस्सी. नंतर, शिष्यवृत्ती मिळाली तर. तोवर तिचं तिलाच कळलेलं असेल की हा विषय तिला झेपतो की नुसता आकर्षक वाटतो. विशीतल्या मुलांना मरण आकर्षक वाटतं. वॉर्डातला वास आला की ते आकर्षण उतरतं, आणि उरतं ते कामाचं असतं. घरात अलीकडेच कुणी गेलं असेल तर मात्र हा पेपर वर्षभर पुढं ढकला. शोकावरचा उपाय म्हणून तो घेऊ नये.

राहिल्या आजी. त्यांना हे शिक्षण मसणातलं वाटतं, आणि त्यात चूक काही नाही. पण पंचगंगेवर पाठवा म्हणाल्या, ते मी गांभीर्यानं घेते. आपल्या पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि होळीला लोक तिथं शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात. बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मातीहून परत आल्यावर त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि 'कडू घास' म्हणून आग्रहानं दोन घास खायला लावतात. शोकात भूक मरते, माणूस आणि विशेषतः म्हातारा जोडीदार खायचं सोडतो, हे आम्ही मोठमोठ्या शब्दांत शिकवतो. गावानं त्यावर भाकरीचा बंदोबस्त आधीच करून ठेवलाय. पुढं दहाव्याला गेलेल्याच्या आवडीचं करून ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत अख्खी भावकी उन्हात ताटकळते. कुणाला काय आवडायचं, हे त्या दिवशी सगळ्या घराला आठवावं लागतं.

तेव्हा प्रवेशाचे फॉर्म सुटायच्या आत लेकीला एक काम द्या. वही घेऊन आजीजवळ बसू दे. तुमचे वडील हयात नाहीत, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. शेवटच्या महिन्यात ते काय खात होते, काय मागत होते, कुणी काय द्यायचं नाही म्हटलं, त्या दिवशी घरी कुणाच्या घरून काय आलं आणि आजींनी पहिला घास कधी खाल्ला, हे विचारून आजींच्याच शब्दांत लिहून काढू दे. आजी रागावल्या तर तेही लिहावं. वही भरली की तिला घेऊन माझ्याकडं या. गुरुवारी दुपारी मी रिकामी असते.